बाबांच्या काठीचा रंग

आज तुम्हाला एका काठीची गोष्ट सांगते. माझे बाबा संध्याकाळी खाडीवर गरवायला जायचे. त्यांची गरीची बांबूची काठी कित्येक वर्षं आमच्या पडवीच्या वाशाला अडकवलेली होती. होडी रंगवून उरलेला ऑइलपेंट बाबा काठीलाही फासायचे. हिरव्याखाली निळा, निळ्याखाली लाल, असे थर साचले होते. नातीला गरवायला शिकायचं होतं, म्हणून मी काठी खाली काढली.

पहिल्याच दिवशी चुकले. पडवीत बसून कोरड्या पॉलिश पेपरनं घासायला लागले. रंगाची धूळ उडत होती आणि नात शेजारीच जमिनीवर खेळत होती. गावातल्या रंगाऱ्यानं पाहिलं. म्हणाला, "काकी, थांबा. जुन्या रंगात शिसं असू शकतं."

खरंच होतं त्याचं. घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. बाबांचे डबे त्याच्या कितीतरी आधीचे. ही धूळ मुलांच्या हातावरून तोंडात जाते. शिसं वाढत्या मेंदूला इजा करतं आणि ती भरून येत नाही.

मी पडवी ओल्या फडक्यानं पुसली, नातीचे हात साबणानं धुतले. काम मागच्या अंगणात नेलं. खाली प्लॅस्टिक अंथरलं, एन-९५ मास्क लावला. रंगावर थोडं थोडं पाणी शिंपडत बोथट सुरीनं खरवडलं, तेही काठीच्या लांबीच्या दिशेनं. बांबूची ताकद सालीलगतच्या धाग्यांत असते. आडवं खरवडून ते कापले, तर काठी तिथेच मोडते. रंग सुटावा म्हणून काठी शेकलीही नाही, कारण तो धूर वाईट. निघालेले पापुद्रे पिशवीत बांधले. चुलीत घातले नाहीत, माडाच्या आळ्यातही टाकले नाहीत.

चार दिवसांनी बांबू दिसला आणि मधल्या पेराखाली केसाएवढी भेगही दिसली. रंगाखाली ती कळलीच नसती. तिथे दोरा घट्ट वेढला, वर वार्निशचे दोन हात दिले.

तुमच्याही घरी जुना पाळणा असेल, पाट असेल, खिडकी असेल. घासायला बसण्याआधी पाणी जवळ घ्या आणि मुलांना लांब पाठवा.

काठी आता नातीची आहे. परवा तिला पहिला मासा लागला, बोटाएवढा. तिनं तो परत पाण्यात सोडला. बाबाही लहान मासा सोडून द्यायचे, हे तिला मी कधी सांगितलं नव्हतं.