सांदण दरीला जायचं ठरवताना

मागच्या महिन्यात दोन-तीन गटांनी विचारलं, की तुम्ही सगळ्या जणी त्या सांदण दरीला जाऊन आलात म्हणे, आम्हालाही जायचंय, काय काय करावं लागतं ते सांगा. म्हणून आजचं बोलणं त्याच्यावर.

आधी ही दरी आहे कुठं ते सांगते. अकोले तालुक्यात भंडारदरा धरणाच्या मागं, पार कोकणकड्याच्या काठावर साम्रद नावाचं गाव आहे. गावातून पंधरा-वीस मिनिटं चाललं की सपाट माळाला एकदम चीर पडलेली दिसते. वरून बघितलं तर वाटत नाही खाली एवढं असेल. आत उतरलं की दोन्ही बाजूंना काळ्या कातळाच्या भिंती, २००-३०० फूट उंच, आणि मध्ये वाट म्हणजे नुसते दगड. मोठे, घरातल्या कपाटाएवढे, काही तर छोट्या खोलीएवढे. काही ठिकाणी दोन-चार बायका शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढीच रुंदी. ऊन आत येतं ते दुपारच्या सुमाराला, तेही थोडा वेळ. बाकी सावली आणि गारवा. सांदीकोपरा हा शब्द आपण रोज वापरतो, पण डोंगराची सांद केवढी असू शकते ते तिथं कळतं.

चीर पुढं पुढं जाते आणि शेवटी डोंगरच संपतो. समोर खाली कोकण, ठाणे जिल्ह्याचा शहापूर तालुका. अलीकडं रतनगड आहे. त्याच्या अंगाला पडलेलं पाणी प्रवरेत येतं, भंडारदऱ्यात साठतं आणि कालव्यानं आपल्या संगमनेरच्या शेतात येतं. ते धरण १९२६ साली पुरं झालं. आणि थोड्याच अंतरावर या दरीत पडलेलं पाणी मात्र उलट्या बाजूला, खाली कोकणात उडी मारतं. एक थेंब पूर्वेला, एक पश्चिमेला. मला तरी तिथली सगळ्यात नवलाची गोष्ट हीच वाटली.

आता पहिली अडचण घरातली. पंढरपूरला, शिर्डीला, वणीला जायचं म्हटलं की घरातून कोणी काही बोलत नाही. इथं सासूबाई विचारणार, कुठला देव आहे तिथं? मालक विचारणार, दगड बघायला एवढ्या लांब? तर उत्तर साधं द्या. देव नाही, डोंगर बघायला चाललोय, सकाळी जाऊन रात्री परत. रतनवाडीला अमृतेश्वराचं जुनं कोरीव देऊळ वाटेत लागतं, ते परतताना बघायचंच आहे. पण देवळाचं नाव पुढं करून दरी लपवू नका. पाय मुरगळला, उशीर झाला, तर घरच्यांना आपण कुठं आहोत ते माहीत पाहिजे. साम्रदला फोनची रेंज भरवशाची नसते. म्हणून गावातल्या एका घरी कागदावर लिहून ठेवा: गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा नंबर, साम्रदला ज्यांच्याकडे जेवण सांगितलंय त्यांचा नंबर, आणि किती वाजेपर्यंत परत येणार ती वेळ.

पैशाचं म्हणाल तर बचतीच्या पैशाला हात लावायचा नाही. आम्ही अठरा जणींनी महिन्याला पन्नास रुपये वेगळे काढले, दहा महिने. वही वेगळी, हिशोब वेगळा. कर्जाचा हप्ता थकलेला असताना सहल कशी, असं कोणी म्हणायला जागा ठेवली नाही. गाडी माणसांची करा. मालाच्या टेम्पोत मागं बसून घाटरस्त्यानं जायचं नाही, चार पैसे वाचले तरी नाही. क्रूझर दोन करा नाहीतर मिनीबस एक करा.

दिवस निवडताना शनिवार-रविवार टाळा. पुण्या-मुंबईची गर्दी असते, आणि दरीतल्या अवघड दगडापाशी एकामागं एक रांग लागते. आपल्याला कुठं सुट्टीची अडचण आहे? मधला वार धरा, फक्त आपला बाजाराचा दिवस नको. महिना दिवाळी झाल्यानंतरचा. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी चांगले.

या महिन्यांचं कारण नीट ऐका, कारण सगळ्या बोलण्यातलं हेच महत्त्वाचं आहे. आपल्याकडे ५०० मिलिमीटर पाऊस झाला तर वर्ष बरं गेलं म्हणतो. घाटघर, रतनवाडीच्या त्या पट्ट्यात चांगल्या वर्षी ५००० मिलिमीटरच्या घरात पडतो, म्हणजे आपल्या दसपट. तो पडतो कातळावर. कातळ पाणी पीत नाही. जे पडेल ते उताराला धावतं, आणि त्या माळावरचा उतार दरीकडेच आहे. म्हणजे जिथून आपण चालतो ती वाट नाहीच, ती पाण्याची मोरी आहे. पाणी नसतं तेव्हा ती आपल्याला चालायला देते, एवढंच. त्यात आत असताना डोक्यावर आभाळाची नुसती पट्टी दिसते. बाजूला ढग भरून आलेत, लांब कुठं सर कोसळतेय, ते आतून कळत नाही. बाजूची भिंत चढून जाता येत नाही. म्हणून पावसाळ्यात दरीत उतरायचंच नाही. मे महिन्यात वळवाच्या सरी दुपारनंतर येतात, तेव्हा मेही नको. आणि थंडीच्या दिवसातही अवकाळीचा अंदाज असेल, आदल्या दिवशी आभाळ आलेलं असेल, तर सहल पुढं ढकलायची. गाडीचा ॲडव्हान्स बुडेल. बुडू द्या.

आता वेळेचं. आम्ही पहाटे पाचला निघालो. संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी, आणि तिथून धरणाला वळसा घालून साम्रद. वाटेत अभयारण्याचं प्रवेशशुल्क भरावं लागतं, पावती जपून ठेवा. आठ-सव्वाआठला पोचलो, चहा-नाश्ता करून नऊला दरीच्या तोंडाशी. शेवटापर्यंत जायला दोन तास धरा. शहरातली पोरं लवकर जात असतील, आपण दगडावर बसत-उठत जाणार. यायला तेवढेच, कदाचित जास्त, कारण येताना पाय दमलेले असतात.

निघायच्या आधी बैठकीत तीन गोष्टी ठरवा आणि ठरावासारख्या वहीत लिहा. बाराला जिथं असू तिथून मागं वळायचं, शेवट आला असो नसो. दुसरं, पुढं नको वाटलं तर जिला नको वाटेल तिनं सांगायचं, आणि तिला कोणी ‘चल गं, काही होत नाही’ म्हणायचं नाही. तिसरं, मागं फिरणारी एकटी फिरणार नाही. तिची जोडीदारीण बरोबर जाईल. जोड्या गावातूनच लावून घ्या, आणि जोडी लावताना मैत्री बघू नका, चाल बघा. सारख्या चालीच्या दोघी एकत्र. नाहीतर पळणारीचा जीव मागं अडकतो आणि हळू चालणारी धापा टाकत मरते.

हे घरून का ठरवायचं? आत गेल्यावर ठरत नाही. आत सगळ्या जोशात असतात. शेवट दहा मिनिटांवर आहे म्हणे, असं कोणीतरी सांगतं. ज्या बाईचे गुडघे दुखतायत ती लाजेनं बोलत नाही, कारण अठरा जणींचा खोळंबा होईल ना! आपल्याला जन्मभराची सवय आहे, दुखलं तरी न बोलण्याची. घरात ती सवय चालून जाते. तिथं कंबरेच्या उंचीचा दगड उतरताना दुखऱ्या गुडघ्यानं दगा दिला, तर त्या बाईला बाहेर काढायला सहा जणी लागतील, आणि झोळी धरून त्या दगडांवरून चालणं म्हणजे काय ते बघितल्याशिवाय कळणार नाही.

वाटेत दोन ठिकाणी पाणी साचलेलं असतं. पहिलं थोडं, दुसरं जास्त खोल. थंडीच्या सुरुवातीला दुसऱ्यात कमरेच्या वर, कधी छातीपर्यंत येतं, उन्हाळ्याकडे उतरत जातं. पाणी बर्फासारखं गार. आमच्यातल्या एक मावशी साठी ओलांडलेल्या, शेतात आमच्या दुप्पट काम करणाऱ्या. दुसऱ्या पाण्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, मी इथूनच. कोणी काही बोललं नाही. त्यांची जोडीदारीण तीस वर्षांची पोर, तिला पुढं जायचं होतं. तोंड एवढंसं झालं तिचं, पण ठरलेलं होतं, वळली मागं. आम्ही परत आलो तेव्हा दोघी दरीच्या तोंडाशी उन्हात बसून शेंगा खात होत्या. ती पोर माझ्याशी दुसऱ्या दिवशीपर्यंत नीट बोलत नव्हती, हेही सांगते. तिचा राग खोटा नव्हता. पण नियम म्हटला की कोणाच्या तरी वाट्याला तो येतोच.

शेवटाला गेलात की कड्याच्या टोकाशी जायचं नाही. तिथून पुढं दोर लावून खाली उतरतात, ते काम सराव असलेल्यांचं, साधनं असलेल्यांचं. फोटोसाठी मागं मागं सरकणं तर अजिबात नको.

अंगावर काय घालायचं यावर आमच्यात बराच वाद झाला. पंजाबी ड्रेस सगळ्यात सोयीचा. नऊवारीचा काष्टा घालणारीला दगडावर काही अडत नाही, आमच्यातल्या दोघी तशाच आल्या. गोल साडी मात्र पायात येते, आणि भिजली की जड होते. पायात बूट, नाहीतर मागं पट्टा असलेली घट्ट सँडल, सपाता नकोत. सोनं घरी ठेवा. कोरडे कपडे गाडीत ठेवा. बीपी, शुगरच्या गोळ्या ज्यांच्या चालू आहेत त्यांनी त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत अंगाशी बांधून घ्या, गाडीत नको. पाळी असली तरी यायला हरकत नाही, बदलायची सोय आधी बघून ठेवा. दरीत संडासची सोय नाही, साम्रदमध्ये ज्यांच्याकडे जेवण असेल त्यांच्याकडे आधीच विचारा. दोन लिटर पाणी प्रत्येकीनं स्वतःचं न्यायचं.

अत्तर, सेंट लावून जाऊ नका आणि आत धूर करू नका. अशा कड्यांना आग्यामोहोळ असतं. माश्या उठल्या तर पळायला जागा नाही. वर माकडं दिसली तर भिंतीला लागून बसू नका, त्यांच्या पायानं दगड सुटतो. आणि एवढ्या बायका एकत्र म्हणजे आपला आवाज किती होतो, ते मी सांगायला नको!

वाटाड्या गावातलाच घ्या. त्याला पाण्याची पातळी ठाऊक असते, आणि तो नको म्हणाला की नको. तिथं आमच्या पुरुषांनी असं केलं होतं वगैरे सांगायचं नाही. जेवणही गावातच सांगा, दोन दिवस आधी फोन करून. आम्हाला भाकरी, पिठलं, ठेचा, भात होता. दर फोनवरच ठरवा आणि मग तिथं गेल्यावर घासाघीस करू नका. चुलीपुढं बसून अठरा जणींच्या भाकरी थापणारी बाई आपल्यासारखीच आहे. भाकरीला किती वेळ लागतो ते आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही. आणलेला कचरा, वेफर्सची पाकिटं, बाटल्या, सगळं पोत्यात भरून परत गाडीत. दरीत टाकलेलं पहिल्या पावसात कोकणात कोणाच्या तरी शेतात जाऊन पडतं.

जेवण अडीचला, अमृतेश्वर चारला, शेंडी सोडायची अंधार पडायच्या आत. घाटरस्ता आहे, थंडीत लवकर अंधारतं. ड्रायव्हरला दुपारी पोटभर जेवू घाला आणि झोपू द्या, त्याला दरीत ओढू नका. आम्ही साडेआठला घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला डेअरीला दूध होतंच. दोन दिवस मांड्या अशा धरल्या होत्या की पायरी उतरताना सगळ्या जणी सारख्याच चालत होतो.

ज्यांना डिसेंबरात जायचंय त्यांनी दिवाळीच्या आतच गाडी सांगून ठेवा, नंतर लग्नसराईत गाड्या मिळत नाहीत. आणि येत्या बैठकीत नावं घेतानाच प्रत्येकीला गुडघ्यांचं विचारा, सगळ्यांसमोर नाही, बाजूला घेऊन.