पोरीनं राहायचं कुठं?

गटाच्या मागच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब बाजूलाच राहिला. आमच्यातल्या एका ताईंच्या मुलीचा नर्सिंगला नंबर लागला होता. फीसाठी गटातून कर्जही मंजूर केलं. अडलं ते एकाच गोष्टीवर: पोरीनं शहरात राहायचं कुठं? घरचे म्हणाले, मग नकोच.

हाच प्रश्न १८५५ साली लंडनमध्ये होता. तेव्हा क्रिमियाचं युद्ध चालू होतं. जखमी सैनिकांच्या सेवेला जाणाऱ्या आणि परतणाऱ्या परिचारिकांना लंडनमध्ये उतरायला जागा हवी होती. लेडी मेरी किनर्ड यांनी त्यांच्यासाठी घर उघडलं. पुढे कामासाठी शहरात आलेल्या इतर एकट्या मुलींनाही अशा घरांचा आसरा मिळू लागला. त्याच वर्षी एमा रोबार्ट्स यांनी मुलींसाठी प्रार्थनेचं मंडळ सुरू केलं होतं. १८७७ साली ही दोन्ही कामं एक झाली. तीच वाय.डब्ल्यू.सी.ए., म्हणजे तरुण स्त्रियांची ख्रिस्ती संघटना.

गंमत बघा, तिकडे एकी होण्याआधीच, १८७५ मध्ये, आपल्या मुंबईत हे काम सुरू झालं होतं. सुरुवातीला तिथं युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलीच जास्त असत. आपल्यासारख्यांसाठी दार उघडायला वेळ लागला, हेही सांगायला हवं.

राहायची सोय झाली की शिकणं आपोआप मागं येतं. न्यूयॉर्कमध्ये या संघटनेनं मुलींना टायपिंग शिकवायला घेतलं. तेव्हा काही लोक म्हणाले, बाईच्या शरीराला हे यंत्र झेपायचं नाही! पहाटे उठून पायलीभर दळण दळणाऱ्या आपल्या आज्या हे ऐकून हसल्या असत्या. पण त्याच टायपिंगवर पुढे कितीतरी मुलींनी ऑफिसात नोकऱ्या धरल्या.

तर आम्ही काय केलं? आम्ही चौघी त्या ताईंना घेऊन शहरात गेलो. तीन वसतिगृहं पाहिली. दाराला आतून कडी आहे का, फाटक किती वाजता बंद होतं, रात्री कोण बाई हजर असते, सगळं विचारलं. एका ठिकाणी कडीच नव्हती, तिथून लगेच निघालो. तिसरं पसंत पडलं. तिथल्या बाईंचा फोन नंबर मुलीच्या वडिलांनी स्वतः लिहून घेतला.

मुलगी गेल्या सोमवारी गेली. नळाला सकाळी एकच तास पाणी येतं, ही तिची पहिली तक्रार.