हत्ती सर्वांचा, नुकसान कोणाचे?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी आफ्रिकेतील हत्तींविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न काहींच्या मनात उभा राहिला असेल. तो रास्तच आहे. परंतु केनियातील ज्या त्सावो प्रदेशाविषयी आम्ही बोलणार आहोत, तो आपणांस सर्वस्वी परका नाही. १८९६ साली मोंबासाहून रेल्वेमार्ग टाकण्यास आरंभ झाला तो हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांच्या बळावर. त्यांत बहुसंख्य पंजाबचे. कचेऱ्यांतून कारकुनी करण्यास गोमंतकीयही गेले. १८९८ साली त्सावो नदीवरील पुलाचे काम चालू असता दोन सिंहांनी मजुरांना तंबूंतून ओढून नेण्याचे सत्र आरंभिले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पॅटर्सन या अधिकाऱ्याने त्या दोघांना ठार केले. बळींचा आकडा त्याने पुढे १३५ सांगितला. सिंहांच्या अवशेषांवरून २००९ साली शास्त्रज्ञांनी केलेला अंदाज ३५ च्या आसपास आहे. आकडा कोणताही घ्या, वन्य पशू आणि माणूस यांच्या संघर्षाची किंमत प्रथम गरिबालाच द्यावी लागते, हे त्यातून दिसते.

दुसरा दुवा हस्तिदंताचा. एकोणिसाव्या शतकात झांझिबारहून निघणाऱ्या हस्तिदंताचा मोठा हिस्सा मुंबई बंदरात उतरत असे. काही पश्चिम हिंदुस्थानात बांगड्यांसाठी राही, बराचसा पुढे लंडनला जाई. विसाव्या शतकात ही मागणी अन्य देशांत वाढली आणि चोरट्या शिकारीने कळस गाठला. १९७९ साली आफ्रिकेत सुमारे १३ लक्ष हत्ती असावेत, असा अंदाज होता. १९८९ पर्यंत तो ६ लक्षांवर आला. त्या वर्षीच्या जुलैत केनियाने १२ टन हस्तिदंताची जाहीर होळी केली, आणि ऑक्टोबरात हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय झाला. २०२१ च्या गणनेत केनियात ३६ हजारांहून अधिक हत्ती आढळले. त्यांतले सुमारे १५ हजार त्सावोच्या परिसरात आहेत.

ही वार्ता आनंदाची खरी. परंतु येथेच दुसरा प्रश्न जन्म घेतो. १९४८ साली स्थापन झालेले त्सावोचे राष्ट्रीय उद्यान २० हजार चौरस किलोमीटरांहून मोठे असले, तरी हत्ती नकाशावरची सीमा जाणत नाही. उद्यानाला लागून सगाला टेकडीच्या पायथ्याशी तैता शेतकऱ्यांची लहान लहान शेते आहेत. मोठ्या हत्तीला दिवसाकाठी सुमारे दीडशे किलो चारा लागतो. मका हाताशी आला की एका रात्रीत कुटुंबाचे वर्षाचे धान्य नाहीसे होऊ शकते. पीक राखण्यासाठी घरातील माणसे रात्र रात्र जागतात. अंधारात हत्तीसमोर जाणारा कधी परततो, कधी परतत नाही. चिडून हत्तीवर विषारी बाण टाकणारा माणूस नेहमीच लोभी शिकारी असतो, असे समजणे हा अन्याय आहे.

यावर उपाय काय? सगाला येथे डॉ. लूसी किंग यांनी शेतकऱ्यांच्या साहाय्याने मधमाशांचे कुंपण उभारले. एवढा बलाढ्य प्राणी, पण मधमाशीला भितो. ती डोळ्यांभोवती आणि सोंडेच्या आत डंख करते. शेताभोवती दर दहा मीटरांवर एक पोळ्याची पेटी टांगायची आणि सर्व पेट्या एका तारेने जोडायच्या. पैशाची बचत म्हणून एकाआड एक पेटी रिकामी, केवळ देखाव्याची असते. तारेला हत्तीचा धक्का लागला की पेट्या हलतात आणि माशा उठतात. सुमारे नऊ वर्षांच्या नोंदींवरून असे दिसले, की पिकांच्या ऐन हंगामात जवळ आलेल्या हत्तींपैकी ८६ टक्क्यांपर्यंत परत फिरले. शिवाय मधाचे उत्पन्न शेतकऱ्याच्या पदरी पडते. मात्र २०१७ च्या दुष्काळात फुलेच नसल्याने माशा पेट्या सोडून गेल्या. म्हणजे ज्या वर्षी शेतकरी सर्वाधिक अगतिक, त्याच वर्षी कुंपणही दुबळे.

कायद्याचा आधार आहे. केनियाच्या २०१३ च्या कायद्यानुसार वन्य पशूने माणूस मारल्यास कुटुंबाला ५० लक्ष शिलिंग मिळावयाचे आहेत. परंतु असे दावे वर्षानुवर्षे रखडल्याच्या तक्रारी आहेत. केनियाने १९७७ सालीच शिकारीवर बंदी घातली. सुमारे १ लक्ष ३० हजार हत्ती असलेल्या बोत्स्वानाने मात्र २०१९ साली शिकारीवरील बंदी उठविली. शिकार केलेल्या प्राण्यांचे अवशेष आयात करण्यावर जर्मनीने कडक निर्बंधांची भाषा केली, तेव्हा २०२४ साली बोत्स्वानाचे अध्यक्ष मासिसी यांनी २० हजार हत्ती जर्मनीस भेट पाठविण्याचा इशारा दिला! त्यांचे धोरण आपणांस पटो वा न पटो, त्यामागील वेदना खरी आहे. दुरून हत्तीवर प्रेम करणे सोपे. त्याच्या शेजारी राहणे कठीण.

आमचे म्हणणे एवढेच, की हत्ती जगाचा ठेवा असेल, तर त्याच्या रक्षणाचा खर्चही जगाने वाटून घ्यावा. उद्यानांचे उत्पन्न प्रथम शेजारच्या गावांत पोहोचावे, नुकसानभरपाई पुढच्या पेरणीपूर्वी हाती पडावी, आणि हत्तींच्या वाटा मोकळ्या राहाव्यात. २०१७ साली त्सावोतून गेलेल्या नव्या रेल्वेमार्गाखाली असे मार्ग ठेवले, आणि हत्ती त्यांतून ये-जा करू लागले. सगालाच्या शेतकऱ्याला रात्रीची झोप आणि घरात मका मिळाला, तरच त्सावोचा हत्ती निर्धास्त राहील.