फाईल उघडत नाही? पुसण्याआधी थांबा



आपल्या गावांतल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी लालबाग-परळच्या गिरण्यांत कामाला होतं. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि पुष्कळ घरांची चूल बायकांनी पेटती ठेवली. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी त्याआधीच, 1975 साली, अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं होतं. ती पिढी आता थकली आहे. सुना-नाती मोबाईलवर त्यांच्या आठवणी, ओव्या भरून घेतात आणि गावी पाठवतात. पण गटाच्या कॉम्प्युटरवर फाईल उघडत नाही, आणि कुणीतरी म्हणतं, “खराब झाली, पुसून टाका.”

पुसू नका. बहुतेक वेळा आवाज आत शाबूत असतो.

दादर स्टेशनवर डबेवाले बघितलेत ना? झाकणावरच्या खुणेवरून डबा कुठे जायचा ते कळतं. फाईलच्या नावात टिंबानंतर येणारी अक्षरं ही तशीच खूण. एमपी थ्री, एम फोर ए, ओपस, एएमआर अशी. ती पाहून कॉम्प्युटर ठरवतो, कुठला प्रोग्रॅम उघडायचा. चुकीच्या प्रोग्रॅमकडे गेली की फाईल वाजत नाही.

आधी माऊसचा बाण फाईलवर न्या आणि बटण न दाबता क्षणभर थांबा. एक छोटी चौकट दिसेल. तीत फाईलचा प्रकार, साईज आणि कधीकधी किती मिनिटांची आहे तेही असतं. साईज शून्य असेल तर फाईल रिकामी आली, पुन्हा मागवा. मिनिटं दिसली नाहीत तरी घाबरू नका. विंडोजला प्रत्येक प्रकारच्या फाईलची मिनिटं वाचता येत नाहीत.

चौकटच येत नसेल तर फोल्डरच्या ऑप्शन्समध्ये जा, तिथे व्ह्यू निवडा आणि ‘शो पॉप-अप डिस्क्रिप्शन’ या ओळीपुढे खूण करा. किंवा फाईलवर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज बघा. साईज तिथेही कळते.

आता पुन्हा उजवं बटण दाबा, ‘ओपन विथ’ निवडा आणि दुसरा प्रोग्रॅम द्या. व्हीएलसी हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम बहुतेक सगळ्या प्रकारच्या फाईली वाजवतो. आवाज आला की पुढच्या वेळी ‘ऑलवेज’ निवडा. मग तशा सगळ्या फाईली त्याच प्रोग्रॅममध्ये उघडतील.

दोन गोष्टी मात्र करू नका. टिंबानंतरची अक्षरं हाताने बदलू नका. झाकणावरची खूण बदलली म्हणून पिठल्याची बिर्याणी होत नाही. आणि “फाईल ऐकायला हे डाऊनलोड करा” असं सांगणारी अनोळखी खिडकी उघडली तर बंद करा. गाणं म्हणून आलेल्या फाईलच्या शेवटी ‘ईएक्सई’ असेल तर ते गाणं नव्हे. तिला हात लावू नका. ही अक्षरं दिसत नसतील तर व्ह्यूमध्ये ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा.

फाईल सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका. नावात आजीचं नाव, गाव आणि तारीख घाला. टिंबानंतरचं तेवढं तसंच राहू द्या. एक प्रत पेनड्राईव्हवर ठेवा. हे सगळं झालं की मगच परळच्या सुनेला सांगा, आता मोबाईलमधली पुसली तरी चालेल.