मांडवात दोन माणसे हवीतच

कॅमेऱ्यावर संसार चालवणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो,

सातपुड्याच्या पायथ्याशी, अंबाबरवाच्या जंगलाशेजारच्या आमच्या संग्रामपुरात आपणा सर्वांचे मनापासून स्वागत. बरीच मंडळी शेगावला उतरून, महाराजांचे दर्शन घेऊन इथवर आली आहेत. दुपारी रोडगे आणि वांग्याची भाजी आहे; जेवल्याशिवाय कोणी जायचे नाही.

फोटोवाला वेगळा, शूटिंगवाला वेगळा, ही वाटणी व्हीएचएस कॅसेटच्या काळात पक्की झाली. मुळात ती नव्हती. सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, मुंबईतले फोटोग्राफर. १८९९ साली हँगिंग गार्डनमधली कुस्ती त्यांनीच चित्रित केली. दादासाहेब फाळके गोध्र्याला फोटोग्राफी करत. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसेंदिवस टिपत पडद्यावर आणली. पुढे २००८ मध्ये निकॉन डी-९० आणि कॅनन ५डी मार्क-टू आले, फोटोच्या कॅमेऱ्यात व्हिडिओ आला, आणि दोन्ही कामे पुन्हा एका हातात आली.

आता लग्नाची पार्टी विचारते, कॅमेरा एकच, मग पैसे दोघांचे का? उत्तर अंतरपाटापाशी आहे. शेवटचे ‘सावधान’ होते, अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, हार घातले जातात. सगळे काही क्षणांत. व्हिडिओसाठी शटर १/५० च्या आसपास ठेवतो, तेव्हा हालचाल डोळ्याला सहज दिसते. पण त्यातली फ्रेम काढली तर अक्षतांच्या रेघा होतात, हार घालणारा नवरीचा हात पुसट येतो. फोटोला निदान १/२५० हवे. शिवाय फोर-के फ्रेम जेमतेम ८३ लाख पिक्सेलची. १२ बाय ३६ इंचांच्या अल्बमवर ताणली की फाटते. आणि गुरुजींचा आवाज नीट धरायचा तर माइककडे वेगळे लक्ष लागते.

माझे मत स्पष्ट आहे. फोटो, व्हिडिओ, आवाज, एडिटिंग हे सगळे प्रत्येकाने शिकावे. लाइट धरणाऱ्या पोरालाही शिकवावे. पण लग्न लागताना मांडवात दोन माणसे हवीतच. एकट्याने दोन्ही करतो म्हणून स्वस्तात ऑर्डर घेणारा स्वतःचे काम बिघडवतो आणि त्या घराचा परत न येणारा क्षण घालवतो.

माझी कळकळीची विनंती आहे: येत्या लग्नसराईपासून पावतीवर फोटोचा दर वेगळा आणि व्हिडिओचा वेगळा लिहा, आणि ॲडव्हान्स घेण्याआधी दोन्ही दर पार्टीला समजावून सांगा.