बिनतारी दिव्यांची मुक्त आज्ञावली

दिवा लावावयाचा म्हणजे भिंतीवरील बटण दाबावयाचें, एवढी विद्या घरांतील लहान मुलासहि पुरत असे. तार शाबूत आहे, बल्ब उडालेला नाहीं आणि वीज आलेली आहे, एवढें जमलें कीं दिवा लागावा. दिवा विकणाऱ्याची पुन्हां कधीं आठवणहि होऊं नये, असा हा साधा व्यवहार. सन २०१२ च्या ऑक्टोबरांत फिलिप्स कंपनीनें ‘ह्यू’ नांवाचे बिनतारी दिवे विक्रीस काढले आणि या व्यवहाराचें रूप पालटूं लागलें. तत्पूर्वीं असे दिवे नव्हतेच असें नाहीं. परंतु सामान्य गृहस्थानें दुकानांतून पेटी आणावी व स्वतःच्या हातानें दिवे बसवावे, हा प्रघात तेव्हांपासून फैलावला.

अशा दिव्याच्या पोटांत एक चिमुकला संगणक व एक रेडिओयंत्र असतें. मोबाईलवरून अथवा खोलींतील एखाद्या सुट्या बटणावरून आलेली आज्ञा तो ऐकतो आणि त्याप्रमाणें पेटतो, विझतो, मंद होतो, रंग बदलतो. येथपर्यंत सर्व ठीक आहे. परंतु ही आज्ञा कोणत्या भाषेंत द्यावयाची, ती देण्याचा अधिकार कोणाचा, आणि दिवा विकणारी कंपनी उद्यां बंद पडली तर पुढें काय, हे तीन प्रश्न दिव्याबरोबरच घरांत येतात. त्यांची उत्तरें शोधण्यासाठीं निरनिराळ्या देशांतील प्रोग्रामरांनीं गेल्या दहाबारा वर्षांत जी खटपट केली, तिची हकीकत श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे.

तिसऱ्या प्रश्नापासूनच आरंभ करणें बरें, कारण तो कल्पित नाहीं. अमेरिकेंत ‘इन्स्टिऑन’ नांवाची एक दिवाबत्तीची पद्धति होती. २००५ सालापासून लोकांनीं तिचीं बटणें व दिवे घरोघर बसविले होते. २०२२ सालच्या एप्रिलच्या मध्यास एके दिवशीं कंपनीचे दूरस्थ संगणक बंद पडले. आधीं सूचना नाहीं, पत्र नाहीं. भिंतीवरील बटणें हातानें दाबलीं तर चालत होतीं. पण मोबाईलवरून दिलेली आज्ञा कंपनीच्या संगणकाकडे जाऊन मग घरांत परत येत असे, आणि तो संगणकच गेला होता. घर गृहस्थाचें, वीज त्यानें भरलेल्या बिलाची, आणि निरोप मात्र परक्याच्या अंगणांतून! ज्या थोड्या लोकांनीं आपल्या घरांतल्या घरांत मुक्त आज्ञावली बसविली होती, त्यांचे दिवे त्या दिवशींहि आज्ञेप्रमाणें चालत राहिले. पुढें जून महिन्यांत ग्राहकांपैकींच एका गटानें ती कंपनी विकत घेतली व सेवा पुन्हां सुरू केली, हा शेवट त्यांतल्या त्यांत बरा म्हणावयाचा.

मुक्त आज्ञावली म्हणजे जिचा मूळ मजकूर सर्वांस वाचावयास, दुरुस्त करावयास व पुन्हां वांटावयास मोकळा आहे अशी आज्ञावली. १९८३ सालीं रिचर्ड स्टॉलमन यांनीं या चळवळीची द्वाही फिरविली आणि १९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स यांच्या लिनक्सनें तिला बळ आलें, हें आतां बहुतेकांस ठाऊक आहे. दिव्यांच्या बाबतींत ती पोंचली ती मात्र एका अगदीं घरगुती इच्छेमुळें. पाउलस स्खाउतसेन या डच तरुणानें ह्यूचे दिवे घेतले होते. सूर्य मावळावा, घरांत कोणीतरी असावें, आणि दिवे आपोआप लागावे, एवढीच त्याची हौस. त्यासाठीं २०१३ च्या सप्टेंबरांत पायथन भाषेंत त्यानें एक छोटी आज्ञावली लिहिली व लवकरच ती जगास खुली केली. तीच पुढें ‘होम असिस्टंट’ या नांवानें वाढली. ह्यूच्या कंपनीनें आपल्या पेटीशीं बोलण्याचें व्याकरण प्रसिद्ध केलें होतें, म्हणून हें काम सुलभ झालें. तें श्रेय कंपनीस दिलेंच पाहिजे. पण त्याच कंपनीनें २०१५ च्या डिसेंबरांत पेटीच्या आज्ञावलींत असा फेर केला कीं इतर कंपन्यांचे नवे दिवे तिला जोडतां येईनात. ग्राहकांनीं ओरड केली, आणि थोड्याच दिवसांत तो फेर मागें घ्यावा लागला. रातोरात आपल्या घरांत असा बदल होऊं शकतो, हा धडा तेवढा अनेकांच्या मनांत राहिला.

आतां भाषेविषयीं. पुष्कळ बिनतारी दिवे ‘झिग्बी’ नांवाची भाषा बोलतात. तिचा पाया २००३ सालीं ठरलेल्या ८०२.१५.४ या प्रमाणांत आहे. नभोवाणीच्या प्रक्षेपणाशीं तुलना केली तर ही निव्वळ कुजबुज होय: २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत सोळा वाहिन्या, आणि सेकंदास फार तर अडीच लक्ष बिट. ‘पेट’ वा ‘विझ’ एवढेंच सांगावयाचें असतां अधिक वेगाचें कारणहि नाहीं. कौतुक आहे तें निरोप पोंचविण्याच्या रीतीचें. दूरच्या मळ्यांतील माणसास घरीं बोलवावयाचें तर एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक दिली जाते, आणि ऐकणारा ती पुढें देतो. कायम विजेवर असलेला झिग्बी दिवा हेंच करतो. स्वतःसाठीं नसलेला निरोपहि तो शेजारच्या दिव्याकडे लावून देतो. सेलवर चालणारें सुटें बटण असा भार उचलीत नाहीं. तें आपला निरोप टाकतें आणि सेल वांचविण्यासाठीं लगेच झोपीं जातें.

गृहकलहाची पहिली ठिणगी येथेंच पडते. घरांतील वडील मंडळी जन्माच्या संवयीनें जातांजातां भिंतीवरील बटण बंद करतात. दिव्याची वीज तुटली म्हणजे तो विझतो एवढेंच नव्हे, त्याच्या मार्फत पुढें जाणारी हाकहि खुंटते, आणि दुसरी वाट सांपडेपर्यंत पलीकडच्या खोलींतील दिवा मुका होतो. आजीला बोल लावण्यांत अर्थ नाहीं. चूक असलीच तर बटणाशीं आजीचें साठ वर्षांचें सख्य आहे हें विसरणाऱ्या योजनेची आहे. दुसरी अडचण भारनियमन सोसलेल्या महाराष्ट्रांतील घरांना विशेष कळेल. रात्रीं दोन वाजतां वीज परत आली कीं निजावयाच्या खोलींतील दिवा भक्‌कन पूर्ण तेजानें पेटतो, कारण वीज आली म्हणजे पेटावयाचें असेंच कित्येक दिव्यांस कारखान्यांत पढविलेलें असतें. झिग्बीच्या पुढील प्रमाणांत यासाठीं एक स्वतंत्र नोंद आली: वीज परतल्यावर पेटावें, विझलेलें राहावें, कीं आधींच्या स्थितींत यावें, तें त्या नोंदींत लिहितां येतें. कंपनीच्या मोबाईलवरील आज्ञावलींत ती नोंद दाखविलीच नसेल तर ग्राहकास तिचा पत्ता लागणार कसा? मुक्त आज्ञावली तिला उजेडांत आणते.

हें काम प्रत्यक्ष कसें होतें तें पाहण्याजोगें आहे. २०१८ सालीं कून कान्टर्स या डच प्रोग्रामरानें ‘झिग्बी-टू-एमक्यूटीटी’ ही आज्ञावली सुरू केली. अंगठ्याएवढें एक रेडिओयंत्र संगणकास जोडावयाचें, आणि प्रत्येक कंपनीची वेगळी पेटी न घेतां सर्व दिव्यांशीं त्यावरूनच बोलावयाचें, ही तिची कल्पना. त्यांतील एमक्यूटीटी ही निरोप्याची पद्धति १९९९ सालीं तेलाच्या दूरवरच्या नळांवर उपग्रहामार्फत देखरेख ठेवण्यासाठीं निघाली होती. ती आज देवघरांतील दिव्याच्याहि उपयोगीं पडते. आरंभीं वापरलेलें ‘सीसी २५३१’ हें यंत्र इतकें तुटपुंजें होतें कीं त्याच्याशीं प्रत्यक्ष जोडलेलीं वीसएक उपकरणें झालीं कीं त्याची पाटी भरे. पुढें अधिक स्मरणशक्तीचीं यंत्रें आलीं.

नवा दिवा जाळ्यांत आला म्हणजे आधीं त्याची मुलाखत होते. शाळेंत नवा विद्यार्थी आला कीं नांव, गांव, इयत्ता विचारावी तशी. दिवा आपला कारखाना व नमुना सांगतो आणि आपणास कोणकोणते पाठ येतात त्यांचे क्रमांक देतो. सहावा पाठ पेटण्याविझण्याचा, आठवा तेज कमीअधिक करण्याचा, ७६८ वा रंगाचा. तेज शून्यापासून २५४ पर्यंत मोजतात. पांढऱ्या प्रकाशाची छटा केल्व्हिनांत न पाठवितां, दहा लक्षांस केल्व्हिनांनीं भागून येणारी संख्या पाठवितात. २७०० चा पिवळसर प्रकाश पाहिजे तर ३७०, आणि ५००० चा शुभ्र प्रकाश पाहिजे तर २००. हा व्यस्त हिशेब ध्यानांत न ठेवणाऱ्याच्या घरांत सायंकाळीं ऊबदार उजेडाऐवजीं कचेरीचा उजेड पडतो.

प्रामाणिक दिवा असला तर येथेंच काम संपतें. परंतु सर्वच दिवे पढविल्याप्रमाणें उत्तर देत नाहींत. कोणी पाठ येतो म्हणून सांगतो आणि तो करीत नाहीं. कोणी रंग बदलतो पण बदलल्याची वर्दी देत नाहीं. चीनमधील टुया कंपनीच्या आज्ञावलीवर अनेक लेबलांखालीं विकलीं जाणारीं कित्येक उपकरणें तर सर्व व्यवहार ६११८४ या खाजगी पाठांत कोंबतात, आणि त्यांतील कोणत्या क्रमांकाचा अर्थ काय हें बाहेर सांगितलेलें नसतें. मग कोणीतरी चिकाटीचा गृहस्थ दुसरें रेडिओयंत्र घेऊन बसतो, कंपनीच्या पेटीचें व दिव्याचें संभाषण टिपतो, वायरशार्कसारख्या मुक्त साधनानें तें उलगडतो, आणि एकएक बटण दाबून कोणता अंक हलतो तें वहींत उतरतो. पुष्कळदां चारपांच रात्रींच्या जागरणाचें फळ म्हणजे दहा ओळींचें टिपण. होम असिस्टंटच्या बाजूस अशा टिपणांना ‘क्वर्क्स’ म्हणजे खोडी असेंच नांव आहे, आणि तें चपखल आहे. अशा टिपणांच्या बळावर झिग्बी-टू-एमक्यूटीटी आज तीन हजारांहून अधिक नमुने ओळखते.

बारीकसारीक गोष्टींतहि पुष्कळ शहाणपण खर्ची पडलें आहे. दिवाणखान्यांतील आठ दिव्यांस एकामागून एक आज्ञा दिली तर ते तव्यावर लाह्या फुटाव्या तसे पुढेंमागें पेटतात. त्यांचा गट करून सर्वांस एकच हाक दिली म्हणजे ते एकदम उजळतात. दिवे कारण नसतां अडखळूं लागले, तर जाणते लोक प्रथम आज्ञावली तपासत नाहींत. रेडिओयंत्र हातभर लांबीच्या तारेनें संगणकापासून दूर ठेवावयास सांगतात. संगणकाच्या नव्या तऱ्हेच्या यूएसबी ३.० जोडणींतून याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत गोंगाट होतो, आणि त्यांत ती कुजबुज बुडून जाते. शेंकडों रुपयांचे दिवे परत करावयास निघालेले लोक या क्षुल्लक तारेनें शांत झाले आहेत. झेड-वेव्ह ही दुसरी भाषा बोलणारे दिवे व बटणें परदेशांतून आणणाऱ्या येथील माणसानें मात्र आधीं लहर पाहावी. तिची भारतांतील लहर ८६५.२ मेगाहर्ट्झ, युरोपांतील ८६८.४२ आणि अमेरिकेंतील ९०८.४२; नातेवाइकानें हौसेनें आणलेलें अमेरिकन बटण येथल्या यंत्राशीं बोलणार नाहीं, त्यास कोणतीहि आज्ञावली उपाय करूं शकत नाहीं.

या उद्योगाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. दिवा कंपनी विकते, पैसे कंपनीस मिळतात, आणि तो नीट चालेना म्हणजे तक्रार स्वयंसेवकाच्या दारीं येते. ज्याच्याविषयीं तक्रार आहे तो दिवा त्या बिचाऱ्यानें डोळ्यांनीं पाहिलेलाहि नसतो. कित्येक चांगलीं कामें लिहिणाऱ्याच्या थकव्यामुळेंच अर्धीं राहिलीं. होम असिस्टंटच्या चालकांनीं २०१८ सालीं ‘नाबू कासा’ ही कंपनी काढली व वर्गणीच्या उत्पन्नांतून कांहीं लोकांस पूर्ण वेळ कामास लावलें. २०२४ च्या एप्रिलांत ‘ओपन होम फाउंडेशन’ ही ना-नफा संस्था स्थापून आज्ञावलीचें स्वामित्व तिच्या हवालीं केलें, म्हणजे उद्यां कोणी धनिकानें तें विकत घेण्याची धास्ती नको. बाकीच्या लहान प्रकल्पांस असा आधार क्वचित्‌ मिळतो.

कंपन्यांनाहि या भाषांच्या बजबजपुरीचा जाच झालाच होता. ॲमेझॉन, ॲपल, गूगल व झिग्बी संघ यांनीं २०१९ च्या डिसेंबरांत एकत्र येण्याचें ठरविलें, आणि ‘मॅटर’ या समाईक भाषेची पहिली आवृत्ति २०२२ च्या ऑक्टोबरांत निघाली. तिच्या नमुन्याची आज्ञावली आरंभापासून सर्वांस खुली आहे, ही गोष्ट दहा वर्षांपूर्वीं कोणासहि खरी वाटली नसती. तथापि घरांत आधींच बसविलेला झिग्बी दिवा केवळ त्यामुळें मॅटर बोलूं लागत नाहीं; मधें दुभाषा लागतोच, आणि तो दुभाषा पुष्कळ घरांत हीच मुक्त आज्ञावली असते. म्हणून खोडींचीं टिपणें लिहिण्याचें काम थांबलेलें नाहीं. झिग्बी-टू-एमक्यूटीटीची नवी आवृत्ति बहुधा महिन्याच्या पहिल्या तारखेस निघते, होम असिस्टंटची पहिल्या बुधवारीं. बरोबर बदलांची लांबलचक यादी असते, आणि तींत कोठेंतरी कोणा अनोळखी गृहस्थाच्या जिन्यावरचा दिवा विझतांना दोनदां लुकलुकत असे, तो आतां एकदांच विझतो, अशा अर्थाची एक ओळ असते.