वचन पाठ होत नसेल तर

बायबलमधली वचनं काही केल्या पाठ होत नाहीत, अशी तक्रार करणाऱ्यांनी नांदेड-लातूरकडच्या एखाद्या वारकरी आजीकडे पाहावं. अक्षरओळख नसतानाही ती अख्खा हरिपाठ म्हणते. का? तर त्याला चाल आहे, टाळ आहे, ठरलेली सांजवेळ आहे आणि सोबत म्हणणारी माणसं आहेत.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी चालीची ही ताकद ओळखली होती. १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी अभंग आणि भजनं लिहिली. ख्रिस्तचरित्रही ओवीतच लिहायला घेतलं. ते अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. मुळात बायबललाही पाठांतराची सोय ठाऊक आहे. ११९ व्या स्तोत्रात १७६ वचनं आहेत, पण हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमानं, आठ-आठांच्या २२ कडव्यांत. अर्थात, सुरुवात तिथून नको! ११७ वं स्तोत्र दोनच वचनांचं, २३ वं सहांचं.

एक वचन मोठ्यानं वाचा, पुस्तक मिटा, आठवून म्हणा. अडलात की लगेच डोकावू नका, क्षणभर आठवू द्या. नुसतं पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवण्याच्या या धडपडीनंच ते जास्त टिकतं. मग उद्या, तीन दिवसांनी, आठवड्यानं तेच म्हणा.

एखादा शब्द चुकला तर चुकू द्या. आज संध्याकाळी घरातल्या कुणालातरी समोर बसवा आणि ११७ वं स्तोत्र म्हणून दाखवा.